नोकरी सोडताना सहकाऱ्यांना केव्हा सांगावे: बेळगाव सीमाभागातील नोकरदारांसाठी क्रमवार मार्गदर्शन

उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपमधला ऑपरेटर शनिवारी संध्याकाळी तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ चहा पिताना मित्राला सांगतो की सीमेपलीकडच्या शिनोळीत काम जवळजवळ ठरले आहे, आणि सोमवारी पहिल्या पाळीला कामावर येताच सुपरवायझर त्याला बाजूला घेऊन विचारतो, ‘काय मामा, चाललात म्हणे?’ त्या क्षणी त्याच्याकडे नव्या ठिकाणचे पत्र नसते, राजीनामा लिहिलेला नसतो, नोटिशीचे दिवस मोजलेले नसतात आणि सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या सहकाऱ्याला काहीच माहीत नसते. पुढचे पंधरा दिवस त्याला फक्त खुलासे करावे लागतात. हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे, आणि एकदा स्वतःही केला आहे, की त्याचा क्रम नीट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. ‘सहकाऱ्यांना सांगणे’ ही एकाच दिवशी उरकायची गोष्ट आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात ज्याने नोकरी लावून दिली तो, ज्याच्या हाताखाली काम करतो तो, ज्याचा पैसा आपल्यात अडकला आहे तो, ज्याच्यावर आपले काम पडणार तो आणि बाकीचे, अशा पाच प्रकारच्या माणसांना वेगवेगळ्या वेळी सांगायचे असते. त्यांचा क्रम उलटा झाला की बातमी आपल्या हातून सुटते.

१. तोंड उघडण्यापूर्वीची तयारी

पहिली अट अशी की नव्या ठिकाणचे नेमणूक पत्र, त्यातील पगार, रुजू होण्याची तारीख आणि कामाचे ठिकाण यांसह, लेखी स्वरूपात तुमच्याकडे आलेले असावे. ‘साहेब हो म्हणाले’, ‘एच.आर.चा फोन आला होता’ यांना या कामात काहीही किंमत नाही. पुण्याच्या किंवा गोव्याच्या कंपन्यांत मुलाखतीनंतर वैद्यकीय तपासणी आणि मागील नोकरीची चौकशी होते, आणि ती पूर्ण होईपर्यंत पत्रातला शब्दही सशर्त असतो. म्हणून पत्र मिळाल्यावर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे आणि नेमणूक कशावर अवलंबून ठेवली आहे ते पाहावे.

मागील नोकरीची चौकशी हा स्वतंत्र धोका आहे. तुम्ही कोणाला काहीही सांगितलेले नसताना नव्या कंपनीचा फोन थेट तुमच्या सध्याच्या कार्यालयात येऊ शकतो. मुलाखतीच्या वेळीच स्पष्टपणे सांगावे की मी राजीनामा दिल्याचे कळवेपर्यंत सध्याच्या ठिकाणी चौकशी करू नये. हे सांगणे उद्धटपणाचे नाही, आणि बहुतेक कंपन्या ते मान्य करतात. ओळखीदाखल नाव द्यायचेच असेल तर पूर्वीच्या नोकरीतल्या माणसाचे द्यावे.

दुसरी तयारी म्हणजे स्वतःचे जुने नेमणूक पत्र शोधून त्यातली नोटिशीची मुदत वाचणे. लहान वर्कशॉपमध्ये असे पत्रच दिलेले नसते. तशा वेळी ‘आपल्याकडे नोटीस किती दिवसांची असते हो?’ असे कचेरीतल्या क्लार्कला विचारायला जाऊ नये, कारण तो प्रश्नच बातमी असतो. एक महिना धरून चालावे.

तिसरी गोष्ट पैशाची. ग्रॅच्युइटीसाठी कायम कामगाराची सलग ५ वर्षे सेवा व्हावी लागते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्या कामगारासाठी नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही अट १ वर्षावर आणली आहे. ‘सहा महिन्यांहून अधिक काळ म्हणजे पूर्ण वर्ष’ हा नियम ऐकून साडेचार वर्षांवर राजीनामा देणारे लोक मला भेटले आहेत. तो नियम रक्कम मोजण्यासाठी आहे आणि पात्रता मिळाल्यानंतरच तो लागू होतो. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असेल, तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणल्यावर वर्षाला १५,००० रुपये होतात. सहा वर्षांच्या सेवेला ९०,००० रुपये. तुमची पाच वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने उरले असतील, तर सहकाऱ्यांना सांगण्याचा प्रश्न दोन महिन्यांनी उभा राहतो, आज नाही.

दिवाळीच्या बोनसबद्दल उलट गैरसमज आहे. दिवाळीआधी सोडले तर बोनस बुडतो, असे फौंड्र्यांमधून सर्रास सांगितले जाते आणि त्या भीतीने माणसे नवी संधी घालवतात. बोनसच्या कायद्याखाली येणाऱ्या कामगाराने त्या हिशेबी वर्षात किमान ३० दिवस काम केले असेल, तर त्या वर्षाचा बोनस त्याला लागू होतो, आणि त्याचा किमान दर ८.३३ टक्के आहे. मात्र सणाच्या तोंडावर मालक हातात ठेवतो ती खुशीची वरची रक्कम कायद्यात बसत नाही. तिच्यावर हक्क सांगता येत नाही.

तपासा: पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, पी.एफ.चे पासबुक, यू.ए.एन. (पी.एफ.चा कायमचा क्रमांक) आणि ई.एस.आय. क्रमांक यांच्या प्रती घरी आहेत का? काही मालक राजीनामा हातात पडताच ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणतात, आणि मग गेटवरचा वॉचमनही आत सोडत नाही.

सावधान: ड्रॉइंग, सी.एन.सी. प्रोग्रॅम, गिऱ्हाइकांच्या याद्या किंवा दरपत्रके यांच्या प्रती घेऊ नयेत. ती तुमची कागदपत्रे नव्हेत, आणि एवढ्या एका गोष्टीने स्वच्छ राजीनाम्याचे चोरीच्या तक्रारीत रूपांतर होऊ शकते.

२. शेवटच्या दिवसापासून मागे मोजणे

तारीख पुढे मोजू नये, मागे मोजावी. नव्या ठिकाणी १ ऑगस्टला रुजू व्हायचे आहे आणि नोटीस ३० दिवसांची आहे, असे समजू. जुन्या ठिकाणचा शेवटचा दिवस ३१ जुलै धरला, तर राजीनामा १ जुलैला पोचलेला हवा, म्हणजे २ जुलैपासून ३० दिवस पूर्ण भरतात. मुदत पत्र दिल्यापासून मोजायची की स्वीकारल्यापासून, यावरून हमखास वाद होतो. म्हणून दोन-चार दिवस हाताशी ठेवलेले बरे, आणि शिल्लक रजा नोटिशीत धरतात की नाही हेही पत्रात पाहून ठेवावे.

आपल्या भागातल्या काही धंद्यांना स्वतःचे पंचांग आहे. निपाणी, चिकोडी, अथणी पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलर पेटल्यानंतर आणि गाळप जोरात असताना जाणारा माणूस कायमचा लक्षात राहतो. जमेल तर हंगामापूर्वी किंवा हंगाम संपल्यावर सांगावे. रुग्णालयातल्या परिचारिकेने पुढच्या महिन्याचे ड्यूटीपत्रक लागण्यापूर्वी सांगावे, कारण ते लागल्यावर प्रत्येक रिकामी रात्रपाळी कोणा ना कोणा मैत्रिणीच्या वाट्याला जाते. खासगी शाळेतल्या शिक्षकांची अडचण निराळी आहे. कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस उघडतात, तर सीमेपलीकडे महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर. चंदगड किंवा गडहिंग्लजकडच्या शाळेत जाणारा शिक्षक तिकडची तारीख धरून बसतो, आणि इकडची शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर मुख्याध्यापकांना सांगतो. इकडची तारीख आधी येते, म्हणून तीच धरावी.

३. घर, गाव आणि ज्याने नोकरी लावली तो माणूस

येळ्ळूर, मच्छे, किणये, काकती अशा गावांतून कारखान्यात जाणाऱ्याचे घर आणि कामाचे ठिकाण वेगळे राहिलेले नसते. एकाच गल्लीतले चौघे एकाच शेडमध्ये असतात, त्यांतला एक तरुण मंडळात असतो, दुसऱ्याची बहीण आपल्या भावकीत दिलेली असते. त्यामुळे घरी सांगितलेली गोष्ट कारखान्यात पोचायला दोन दिवस पुरतात, आणि त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. मुलाला चांगली नोकरी लागली हे आईने देवळात चार बायकांना सांगणे अगदी स्वाभाविक आहे.

घरच्यांपासून लपवा, असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांना नुसते ‘कोणाला सांगू नका’ म्हणून भागत नाही. ‘अमुक तारखेपर्यंत सांगू नका, त्यानंतर खुशाल सांगा’ असे म्हटले तरच ते पाळले जाते, कारण मुदत नसलेली गुप्तता कोणालाही पेलत नाही. भावाला आणि मित्रांना आणखी एक गोष्ट बजावून ठेवावी लागते. निवड झाल्याबद्दलच्या अभिनंदनाचे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस कोणी ठेवायचे नाही. फोटो, हार, खाली कंपनीचे नाव, असे स्टेटस सुपरवायझरच्या मोबाइलवर उघडल्यानंतर राजीनाम्याचे पत्र कितीही नम्र असले तरी उशिराचे ठरते.

आता या टप्प्यातला खरा नाजूक माणूस. आपल्याकडच्या पुष्कळ नोकऱ्या कोणाच्या तरी शब्दावर लागलेल्या असतात. मामा, चुलते, गावातले एखादे जुने मेस्त्री मालकाला म्हणालेले असतात की पोरगा चांगला आहे, घ्या. तुम्ही राजीनामा देताच मालक आधी त्यांना बोलावतो. ‘तुमचा माणूस चालला, आणि तुम्ही बोलला नाही’ हे ऐकून घेण्याची वेळ त्यांच्यावर आली, तर ती गोष्ट नोकरीपुरती राहत नाही, पुढच्या लग्नकार्यापर्यंत जाते. म्हणून वरिष्ठांना सांगण्याच्या आदल्या रात्री, त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून सांगावे. ‘मामा, उद्या सकाळी साहेबांना पत्र देणार आहे. तुमच्या शब्दावर लागलो होतो, म्हणून आधी तुम्हाला सांगायला आलो.’ एवढे पुरते. आठवडाभर आधी सांगू नये, कारण मग ते गुपित सांभाळण्याचे ओझे त्यांच्यावर पडते आणि मालकाने सहज विचारले तर त्यांना खोटे बोलावे लागते. फोनवरही सांगू नये.

४. वरिष्ठांना सांगणे

सहकाऱ्यांपैकी कोणालाही सांगण्यापूर्वी वरिष्ठांना सांगावे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. तो मोडतो मात्र ‘वरिष्ठ’ या शब्दापाशी. सुपरवायझरला वगळून थेट मालकाकडे गेलात, तर सुपरवायझर दुखावतो. सुपरवायझरला सांगून मालकाकडे जायला दोन दिवस लावलेत, तर बातमी तुमच्या आधी वर जाते. दोघांना एकाच दिवशी, आधी सुपरवायझर आणि तासाभरात मालक किंवा मॅनेजर, असे सांगावे. दिवस निवडताना माल लोड होण्याचा, ऑडिटचा किंवा पगारवाटपाचा दिवस टाळावा.

तोंडी सांगून झाले की त्याच भेटीत पत्र द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ असे लिहून तारखेसह सही घ्यावी. कोणी सही द्यायला कां-कूं करत असेल तर तेच पत्र त्याच दिवशी ई-मेलने किंवा स्पीड पोस्टाने पाठवावे. पत्रात कारणांची जंत्री नको. पदाचे नाव, राजीनाम्याची तारीख, नोटिशीची मुदत, शेवटचा दिवस आणि काम सोपवून देण्याची तयारी, इतके पुरे. कार्यालयाने कन्नडमध्ये तयार केलेल्या एखाद्या कागदावर सही मागितली आणि तुम्हाला तो नीट वाचता येत नसेल, तर जाणत्याकडून अर्थ समजून घेतल्याशिवाय सही करू नये. ‘नेहमीचाच फॉर्म आहे’ या शब्दांवर केलेल्या सहीत कधी कधी ‘सर्व येणे मिळाले’ असे वाक्यही असते.

या भेटीत विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न लोक विसरतात: ‘बाकीच्यांना मी केव्हा सांगू?’ मालकाला तुमच्या जागी माणूस पाहायचा असतो, गिऱ्हाइकाला धीर द्यायचा असतो. तो चार दिवस मागेल. ते द्यावेत. पण मोघम ‘सध्या नको’ वर थांबू नये, तारीख ठरवून घ्यावी, आणि पैशाने गुंतलेल्या दोघा-तिघांना त्याआधी सांगावे लागेल हे त्याच वेळी सांगून ठेवावे. पुढच्या टप्प्यासाठी ही मोकळीक लागते.

पुष्कळदा याच भेटीत पगारवाढीची भाषा सुरू होते. तुम्ही सहकाऱ्यांना आधीच सांगून बसला असाल, तर थांबण्याचा निर्णय घेणे अवघड होते, कारण मग सगळे म्हणतात की पगार वाढवून घेण्यासाठी हूल दिली. माझी स्वतःची चूक अशीच होती. मी दोघा मित्रांना आधी बोललो, मालकाने दुसऱ्या दिवशी थांबायला सांगितले, मी थांबलो, आणि पुढचे वर्षभर प्रत्येक पगारवाढीच्या वेळी माझ्या नावाने तो विनोद चालला. नवे पत्र स्वीकारले असेल तर जावे, थांबायचे असेल तर कोणालाही न सांगता थांबावे.

तपासा: सही झालेली प्रत घरी पोचली का? शेवटचा दिवस लेखी मान्य झाला का? सहकाऱ्यांना सांगण्याची तारीख ठरली का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असल्याखेरीज पुढे जाऊ नये.

५. जामीनदार, भिशी आणि उधारी

सर्वसाधारण सल्ल्यांत हा टप्पा नसतो, आणि आपल्या भागात सर्वाधिक कडवटपणा येथेच निर्माण होतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या पगारदारांची कर्जे मोठ्या प्रमाणात पतसंस्था आणि सोसायट्यांची असतात. त्यांना दोन जामीनदार लागतात आणि ते बहुधा शेजारच्या मशीनवरचे किंवा शेजारच्या टेबलावरचेच असतात. हप्ता पगारातून कापला जातो. तुम्ही नोकरी सोडताच ती कपात थांबते. एखादा हप्ता चुकला की संस्थेची नोटीस तुमच्याबरोबर जामीनदारालाही जाते. भारतीय करार कायद्यानुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असे त्याला म्हणता येत नाही. म्हणजे तुमच्या जाण्याची बातमी त्याच्यासाठी गप्पांचा विषय नसून पगाराच्या पाकिटाचा प्रश्न आहे.

म्हणून वरिष्ठांना सांगितल्यानंतर, आणि बाकीच्या कोणालाही सांगण्यापूर्वी, जामीनदाराला सांगावे. त्यापूर्वी एक काम करून ठेवावे लागते. संस्थेत जाऊन कर्जाची शिल्लक रक्कम, उरलेले हप्ते आणि पगारकपात थांबल्यावर हप्ता भरण्याची सोय यांची माहिती घ्यावी. ही चौकशीही राजीनाम्याची प्रत हातात आल्यानंतरच करावी, कारण संस्थेच्या काउंटरवरही ओळखीचेच लोक असतात. नव्या पगाराच्या खात्यातून आपोआप हप्ता जाण्याची सूचना बँकेला देता येते. शक्य असेल तर दोन-तीन हप्ते आगाऊ भरावेत, कारण नव्या ठिकाणचा पहिला पगार हाती येईपर्यंत मध्ये एखादा महिना कोरडा जातो. हे सगळे ठरवून मगच जामीनदारासमोर बसावे. ‘मी चाललो आहे, हप्त्याचे बघतो काहीतरी’ या वाक्याने त्याची झोप उडते. ‘शिल्लक इतकी आहे, दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता माझ्या खात्यातून जाईल, पहिले दोन भरल्याच्या पावत्या या’ असे सांगितले तर तो तुम्हाला चहा पाजतो. त्याने जामीन बदलून द्यायला सांगितले, तर ती मागणी रास्त समजावी आणि संस्थेला अर्ज करावा. नवा जामीनदार संस्था मान्य करेपर्यंत जुना सुटत नाही, हे दोघांनीही लक्षात ठेवावे.

तुम्ही स्वतः दुसऱ्या कोणाला जामीन असाल, तर प्रश्न उलट दिशेने उभा राहतो. नोकरी बदलल्याने तुमची जामीनकी संपत नाही. मूळ कर्जदाराला सांगावे, आणि संस्थेला नवा पत्ता व नोकरीचे ठिकाण कळवावे.

भिशीची गोष्ट साधी दिसते आणि सर्वांत जास्त भांडणे तीच लावते. बारा जणांच्या भिशीत तुमची रक्कम उचलून झाली असेल आणि सात हप्ते बाकी असतील, तर तुमच्या जाण्याच्या बातमीचा अर्थ बाकीचे अकरा जण एकाच पद्धतीने लावतात. भिशी चालवणाऱ्याला आधी एकट्याला भेटावे आणि उरलेले हप्ते एकरकमी देणे जमत असेल तर द्यावेत. जमत नसेल तर भिशीतल्याच एखाद्याने जबाबदारी घेतल्याचे चालवणाऱ्यासमोर ठरवावे. रक्कम अजून उचललेली नसेल, तर क्रम येईपर्यंत हप्ता कोणामार्फत पोचेल ते सांगावे. किरकोळ उधारी, कॅन्टीनचे खाते, मोटारसायकलवरून रोज सोबत येणाऱ्याचे पेट्रोलचे पैसे, हे सर्व बातमी फुटण्यापूर्वी मिटवून टाकावे. सोबत येणाऱ्याला तर आठवडाभर आधी कळायलाच हवे, नाहीतर एका सकाळी तो माणूस खानापूर रस्त्यावर तुमची वाट पाहत उभा राहतो.

सावधान: जामीनदार एकाहून अधिक असतील तर त्यांना एकाच दिवशी सांगावे. दुसऱ्याला पहिल्याकडून कळले, तर तुम्ही लपवले असाच अर्थ निघतो.

६. ज्याच्यावर तुमचे काम पडणार आहे तो

हेल्पर, जोडीदार ऑपरेटर, शेजारच्या टेबलावरची क्लार्क यांना सर्वसाधारण घोषणेच्या एक-दोन दिवस आधी, वरिष्ठांच्या संमतीने सांगावे. त्यांच्यापाशी कामाचीच भाषा बोलावी: कोणत्या जॉबला कोणता फिक्स्चर लागतो, कोणते मशीन सकाळी थंड असताना माप सोडते, कोणत्या गिऱ्हाइकाची चलने वेगळ्या फाइलमध्ये असतात. हे सर्व एका वहीत मराठीत किंवा कन्नडमध्ये, पुढच्या माणसाला वाचता येईल त्या भाषेत, लिहून द्यावे. तुमच्या जागी तोच बसणार असे आश्वासन मात्र देऊ नये. ती जागा तुमच्या देण्यातली नाही.

पतसंस्थेसाठी रोजची बचत दारोदार गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटाला हा टप्पा वेगळ्या रीतीने करावा लागतो. ठेवीदारांना त्याने आधी सांगितले, तर दुसऱ्या दिवशी निम्मी गल्ली पासबुक घेऊन संस्थेत उभी राहते. त्याने प्रथम संस्थेबरोबर प्रत्येक खात्याचा ताळा जुळवून घ्यावा, जुळल्याची लेखी नोंद घ्यावी, आणि मग नव्या एजंटाला सोबत घेऊन दारोदार जाऊन सांगावे.

७. बाकीचे सर्वजण

ठरलेल्या तारखेला सर्वांना एकाच दिवशी सांगावे, आणि शक्यतो एकाच वेळी. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधीची पाच मिनिटे यासाठी उत्तम असतात. दुसऱ्या पाळीच्या लोकांना पाळी बदलताना थांबून सांगावे.

सीमाभागात येथे एक चूक न कळत होते. मराठी बोलणाऱ्या चौघांना आपण सोमवारीच सांगितलेले असते आणि कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्यांना ते गुरुवारी दुसऱ्यांकडून कळते. आपल्या मनात काहीच नसते. ज्यांच्याशी बोलणे सोपे, त्यांच्याशी आधी बोललो इतकेच. पण ज्याच्याबरोबर सहा वर्षे एका मशीनवर काम केले, त्याला बातमी तिसऱ्याकडून मिळाली की तो तिला भाषेचा रंग देतो, आणि त्याला दोष देता येत नाही. सर्वांसमोर सांगताना दोन्ही भाषांत सांगावे. कन्नड मोडकेतोडके असले तरी चालते, ‘नानु केलस बिडताइद्दीनि’ (मी काम सोडतोय) एवढ्या तीन शब्दांनी काम होते.

काय सांगावे, तर शेवटचा दिवस, कोणत्या शहरात जात आहात आणि काम कोणाकडे सोपवले आहे. नवा पगार सांगू नये. विचारतील, आग्रहाने विचारतील. ‘घर चालेल इतका आहे’ असे म्हणून विषय बदलावा. आकडा एकदा बाहेर पडला की दुसऱ्या दिवशी तीन जण तो घेऊन मालकाकडे जातात आणि मालक समजतो की माणसे फोडण्याचे काम तुम्ही करत आहात. ‘तिकडे आमचंही बघ की’ असे कोणी म्हणाले, तर शेवटचा दिवस होईपर्यंत कोणाचाही बायोडाटा हातात घेऊ नये. मालकाबद्दलची गाऱ्हाणीही नकोत. ती खरी असली तरी जे मागे राहतात त्यांना त्याच माणसाकडे उद्या रजा मागायची असते.

तपासा: रजेवर असलेले, रात्रपाळीचे, वॉचमन, कॅन्टीनमधल्या मावशी यांपैकी कोणी राहिले का?

८. कारखान्याबाहेरचे लोक

पुरवठादार, गिऱ्हाईक, विद्यार्थ्यांचे पालक, रुग्ण यांना तुम्ही आपणहून सांगू नये. ते संस्थेने सांगायचे असते, किंवा संस्थेने सांगितल्यावर तुम्ही. पाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून शेवटचा दिवस संपेपर्यंत बाहेर पडू नये. ‘लेफ्ट’ ही एक ओळ कोणत्याही भाषणापेक्षा लवकर पसरते. समाजमाध्यमांवरचे पद आणि कंपनीचे नाव नव्या ठिकाणी रुजू झाल्यावरच बदलावे.

९. शेवटचा दिवस आणि त्यानंतरचे दोन महिने

ओळखपत्र, हत्यारे, गणवेश, किल्ल्या परत केल्याची पोच घ्यावी. अनुभवाचे प्रमाणपत्र आणि कार्यमुक्तीचे पत्र त्याच दिवशी मागावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कामगाराचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. प्रत्यक्षात लहान कारखान्यांत वेळ लागतो, म्हणून कोणत्या तारखेला यायचे ते विचारून जावे.

पी.एफ.च्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली की नाही, ते महिनाभराने पाहावे. ती भरलेली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतः भरता येते, पण आधी जुन्या कचेरीत एक फोन करावा. तो फोन उचलणारा क्लार्क हाच तुमच्या भिशीतला अकरावा माणूस असण्याची शक्यता बरीच असते, आणि बातमी कोणत्या क्रमाने दिली यावर तो किती वेळात तारीख भरतो हे ठरते. जुना पी.एफ. काढून घेण्याऐवजी नव्या खात्यात वर्ग करावा. ई.एस.आय.चा क्रमांक नव्या नोकरीतही तोच राहतो. तो नव्या मालकाला द्यावा आणि दवाखाना बदलून घ्यावा, विशेषतः बेळगावहून शिनोळीला किंवा निपाणीहून कागलला जात असाल तर, कारण राज्य बदलले की कचेरीही बदलते.

जामीनदाराला पहिल्या तीन महिन्यांच्या हप्त्यांच्या पावत्या, त्याने न मागता, पाठवाव्यात.